मुंबईचा संघ बालेवाडीला का गेला?

(कांजूरमार्ग येथे एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



१८ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबई सिटी एफसीने एएफसी चॅम्पियन्स लीगमधला, म्हणजे आशियातल्या सर्वांत मोठ्या क्लब स्पर्धेतला, आपला पहिला घरचा सामना खेळला. समोर इराणचा नसाजी माझंदारान होता. सामना झाला पुण्यात, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात. संघ मुंबईचा, प्रेक्षकांतले बरेचसे मुंबईचे, कागदावर यजमानही मुंबईच. आणि मैदान मात्र दीडशे किलोमीटरवर, घाटाच्या पलीकडे. हे असं का झालं, याचा उलगडा मला आज करायचा आहे. वरकरणी तो फुटबॉलचा प्रश्न आहे. पण मी जसजशी त्याच्या खोलात गेले, तसतसं मला त्यात आपलं शहर दिसायला लागलं, आणि म्हणून हा विषय मी एखाद्या क्रीडा परिषदेत न मांडता इथे मांडायचं ठरवलं.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांची एक सवय इथल्या अनेकांना आठवत असेल. पोरांच्या पायात चेंडू देण्याआधी ते सगळ्यांना मैदानाची एक फेरी मारायला लावत. धावत नव्हे, चालत, खाली बघत. काच पडलीय का, खड्डा झालाय का, कुणी सळई खुपसून ठेवलीय का. ती फेरी झाल्याशिवाय शिट्टी वाजायची नाही. क्लब परवाना म्हणजे हीच फेरी आहे, फक्त ती शंभर पानांच्या नियमावलीनिशी मारली जाते.

आधी परवाना कसा चालतो ते सांगते. युरोपात ही पद्धत २००४-०५ च्या हंगामापासून लागू झाली. त्याआधी देशाच्या लीगमध्ये वरचा क्रमांक मिळवला, चषक जिंकला, की क्लब युरोपीय स्पर्धेत जायचा. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, त्यात एक दार बसवलं. मैदानावर मिळवलेल्या पात्रतेबरोबर क्लबकडे त्या हंगामाचा परवानाही हवा. तो दरवर्षी नव्याने घ्यायचा. त्याचे पाच भाग: खेळविषयक, पायाभूत सुविधा, माणसं आणि प्रशासन, कायदेशीर बाबी, आणि आर्थिक बाजू. आशियाई महासंघाने पुढे हाच साचा घेतला आणि आपल्याकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघ त्यानुसार क्लबांची तपासणी करतो. निकषांच्या श्रेणी असतात. अ श्रेणीचा निकष हुकला की परवाना नाही. ब श्रेणीचा हुकला तर परवाना मिळतो, पण दंड किंवा ताकीद लागते. क श्रेणीतल्या गोष्टी असाव्यात अशा. पहिला निर्णय एक समिती देते, तो मान्य नसेल तर अपील दुसऱ्या समितीकडे.

यातला पैशांचा भाग वर्तमानपत्रांत जास्त येतो, आणि तो महत्त्वाचा आहेच. खेळाडूंचा पगार थकलेला नसावा, दुसऱ्या क्लबाचं देणं बाकी नसावं, हिशेब लेखापरीक्षकाने तपासलेले असावेत. स्पेनचा मालागा २०१३ च्या एप्रिलमध्ये चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी खेळत होता आणि पुढच्याच हंगामात देणी थकवल्याबद्दल तो युरोपीय स्पर्धांबाहेर होता. एवढा मोठा क्लब, पण सूट मिळाली नाही. ज्याच्या घरी तीन महिने पगार आलेला नाही अशा खेळाडूशी मी बोललेली आहे, त्यामुळे या कलमाबद्दल माझ्या मनात कसलीही शंका नाही. ते असलंच पाहिजे आणि कडक असलं पाहिजे.

पण आज मला बोलायचंय ते दुसऱ्या भागाबद्दल. स्टेडियमबद्दल.

युरोपातले स्टेडियमचे नियम कुठून आले ते समजून घ्यायचं तर १९८५ च्या मे महिन्यात जावं लागतं. ११ मेला इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या मैदानावर लाकडी स्टँड पेटला. स्टँडखाली वर्षानुवर्षांचा कचरा साठला होता आणि मागची दारं बंद होती. ५६ माणसं गेली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, २९ मेला, ब्रुसेल्सच्या हेझेल स्टेडियममध्ये युरोपियन कपच्या अंतिम सामन्याआधी लिव्हरपूल आणि युव्हेंटसच्या प्रेक्षकांत हाणामारी झाली, पळापळीत भिंत कोसळली, ३९ माणसं गेली. चार वर्षांनी, १५ एप्रिल १९८९ ला, शेफील्डच्या हिल्सबरोवर उभ्या प्रेक्षकांच्या पिंजऱ्यासारख्या कप्प्यांत गर्दी कोंडली गेली. त्या दुर्घटनेतल्या मृतांचा आकडा आज ९७ आहे. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांचा अहवाल आला आणि इंग्लंडच्या वरच्या श्रेणीतल्या मैदानांवर उभं राहून सामना बघणं बंद झालं. प्रत्येकाला खुर्ची.

ही खुर्ची जरा जवळून बघू. युएफाच्या नियमावलीत ती अशी लिहिलेली आहे: प्रत्येकाची वेगळी, जमिनीला पक्की बसवलेली, शेजारच्या खुर्चीपासून सुटी, बसायला आकार दिलेली, क्रमांक घातलेली, न फुटणाऱ्या आणि पेट न घेणाऱ्या पदार्थाची, आणि पाठीला किमान ३० सेंटिमीटर टेकण असलेली. पहिल्यांदा वाचताना हे फारच बारीक वाटतं. मग एकेक शब्द उलगडतो. पक्की बसवलेली, कारण उचलून फेकता येऊ नये. पेट न घेणारी, ब्रॅडफर्डमुळे. क्रमांक, कारण एका जागेचं एकच तिकीट विकलं जावं. आणि पाठीचं टेकण असलं की मागच्या रांगेतला माणूस पुढच्या रांगेवर पाय टाकून धावत खाली येऊ शकत नाही; त्याला जिन्यानेच यावं लागतं. बाकीची यादीही याच जातीची: सबंध मैदान दिसेल अशी नियंत्रण खोली, सीसीटीव्ही, प्रेक्षकांसाठी वैद्यकीय कक्ष, वीज गेली तरी चालू राहणारे दिवे आणि ध्वनिक्षेपक, पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांसाठी किमान पाच टक्के जागा. युएफा स्टेडियमच्या चार श्रेणी करतं. सर्वांत वरच्या, चौथ्या श्रेणीला खुर्च्या किती लागतात? आठ हजार. चॅम्पियन्स लीगसाठी लाखाचं स्टेडियम लागतं असा आपला समज असतो. तसं नाही. आठ हजार चालतात, पण त्या आठ हजार माणसांना सुखरूप आत नेऊन सुखरूप बाहेर आणता आलं पाहिजे.

मुंबईच्या माणसाला हे समजवायला इंग्लंडचे दाखले द्यावे लागू नयेत. २९ सप्टेंबर २०१७ ला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर, पावसाच्या सकाळी, २३ माणसं गेली. सामना नव्हता, हाणामारी नव्हती. अरुंद पूल होता आणि कामावर जाणारी माणसं होती. त्यातली बरीच आपल्यासारखीच उपनगरांतून आलेली. ४ जून २०२५ ला बंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारांपाशी ११ जण गेले, संघाने चषक जिंकल्याच्या आनंदात. कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर १९८० च्या ऑगस्टमध्ये मोहन बागान आणि ईस्ट बेंगालच्या सामन्यात १६ जण गेले होते. दाराची रुंदी, जिन्याच्या पायऱ्या, गर्दी मोजणारा माणूस या गोष्टी ज्या नियमावलीत लिहिलेल्या आहेत तिला कुणी कागदी घोडे म्हटलं की मला वाईट वाटतं.

आता मुंबईकडे येते.

मुंबई सिटी एफसी २०१४ मध्ये स्थापन झाली. पहिली दोन वर्षं घरचं मैदान नेरूळचं डी. वाय. पाटील. २०१६ पासून अंधेरी: महापालिकेचं शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल, ज्याला फुटबॉलवाले मुंबई फुटबॉल अरेना म्हणतात. कांजूरहून जायला सोपं. गाडीने घाटकोपर, तिथून मेट्रो, आझादनगरला उतरलं की समोर. २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, सिटी फुटबॉल ग्रुपने, क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला आणि पुढच्याच हंगामात संघाने लीग शील्डही, म्हणजे साखळीत पहिला येणाऱ्याला मिळणारी ढाल, जिंकली आणि चषकही. तो सबंध हंगाम करोनामुळे गोव्यात बंदिस्त वातावरणात झाला होता. अंधेरीत एकही सामना न खेळता मुंबई विजेती झाली.

त्या शील्डमुळे आशियाचं दार उघडलं. २०२२ च्या एप्रिलमध्ये गटातले सगळे सामने रियाधमध्ये, एकाच ठिकाणी. ११ एप्रिलला मुंबईने इराकच्या एअर फोर्स क्लबला, अल-कुवा अल-जविया त्याचं नाव, पिछाडीवरून २-१ असं हरवलं. चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब. विजयी गोल राहुल भेकेचा, कॉर्नरवर डोक्याने मारलेला. राहुल मुंबईचाच मुलगा, मुंबई एफसीत खेळून पुढे गेलेला. त्या रात्री मी घरात एकटीच उभी राहून टाळ्या वाजवल्या. मुंबईने तो गट सात गुणांनी संपवला, दुसऱ्या क्रमांकावर.

मग २०२२-२३ मध्ये पुन्हा शील्ड, आणि ४ एप्रिल २०२३ ला केरळात मंजेरीला पात्रता सामन्यात जमशेदपूरला ३-१ ने हरवून पुन्हा चॅम्पियन्स लीग. आता मात्र सामने पूर्वीसारखे, एक त्यांच्या मैदानावर आणि एक आपल्या. म्हणजे आपलं मैदान लागणार. क्लबकडे पैसा होता, प्रशिक्षक होते, युवा संघ होते, कार्यालय होतं, जगभरच्या क्लबांचा अनुभव असलेले मालक होते. पाचांपैकी चार भागांत अडचण नव्हती. अडलं ते मैदानाशी. अंधेरीचं मैदान या स्पर्धेच्या निकषांत बसत नव्हतं, आणि संघाने बालेवाडी धरली.

१८ सप्टेंबर २०२३. पंचांग काढून बघा, त्या दिवशी हरतालिका होती, दुसऱ्या दिवशी गणपती. सोमवार. मुंबईतून बाहेर पडणारा प्रत्येक रस्ता कोकणात आणि गावी जाणाऱ्या गाड्यांनी भरलेला. त्या गर्दीतून वेस्ट कोस्ट ब्रिगेडची, म्हणजे मुंबई सिटीच्या पाठीराख्यांची, पोरं ढोल घेऊन पुण्याला आली होती. मीही गेले होते. माझ्या शेजारी भांडुपचा एक मुलगा बसला होता, एका औषध कंपनीत कामाला. अर्धी रजा टाकून आलेला. दुसऱ्या दिवशी पहाटे घरी गणपती बसायचा होता आणि पूजेला हाच बसणार होता. तो सारखा घड्याळ बघत होता आणि तरी ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता. आपण ०-२ ने हरलो. तो निघाला तेव्हा त्याच्यापुढे सगळा द्रुतगती महामार्ग होता. अंधेरीहून तो तासाभरात घरी पोचला असता.

नोव्हेंबरच्या ६ तारखेला सौदी अरेबियाचा अल हिलाल आला. तो सामना नेरूळला, डी. वाय. पाटीलवर झाला. नेमार दुखापतीमुळे नव्हता, पण रूबेन नेव्हेस, मित्रोविच, कुलिबाली अशी नावं होती. मुंबईच्या खाडीपलीकडे का होईना, पण मुंबईजवळ सामना आला आणि माणसं लोटली. पुन्हा ०-२. मग २८ नोव्हेंबरला उझबेकिस्तानच्या नवबहोरविरुद्ध परत बालेवाडी, १-२. सहाच्या सहा सामने मुंबई हरली. प्रतिस्पर्धी बलाढ्य होते आणि अंधेरीत खेळून अल हिलालला हरवलं असतं असं मी म्हणणार नाही. पण नसाजी आणि नवबहोरविरुद्ध, रोजच्या सवयीच्या हिरवळीवर, आपल्या सहा-सात हजार माणसांच्या गजरात, निदान एखादा गुण मिळाला असता असं मला आजही वाटतं.

एक गोष्ट लक्षात घ्या. याच अंधेरीच्या मैदानावर २०२२ च्या जानेवारीत महिलांच्या आशियाई चषकाचे सामने झाले होते. ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियावर १८ गोल केले ते इथेच. म्हणजे आशियाई महासंघाला हे मैदान अनोळखी नाही. ती स्पर्धा करोनाच्या निर्बंधांत झाली आणि क्लब स्पर्धेच्या अटी वेगळ्या. आणि याच मैदानाने २०१८ चा जून पाहिलाय. १ जूनला भारत-चायनीज तैपेई सामन्याला अवघे २,५६९ प्रेक्षक होते. सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली आणि दुसऱ्या दिवशी समाजमाध्यमांवर हात जोडून लोकांना सांगितलं की स्टेडियममध्ये या, शिव्या द्यायच्या तर तोंडावर द्या, पण या. ४ जूनला केनियाविरुद्ध, त्याच्या शंभराव्या सामन्याला, अंधेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. मुसळधार पाऊस, चेंडू डबक्यात अडकतोय, आणि कुणी उठून जात नव्हतं. माणसं आहेत, प्रेम आहे, मेट्रो दारात आहे. उरतं ते बांधकाम, आणि ते पैसे व इच्छा असल्यास दोन-तीन वर्षांत होणारं काम आहे.

मुंबई यात एकटी नाही. मिझोरमचा आयझॉल एफसी २०१७ मध्ये आय-लीग जिंकला. डोंगरातल्या छोट्या शहराचा क्लब भारताचा विजेता झाला. पुढच्या वर्षी एएफसी कपचे, म्हणजे आशियातल्या दुसऱ्या पायरीच्या क्लब स्पर्धेचे, त्यांचे घरचे सामने गुवाहाटीला झाले. आयझॉलच्या माणसाला गुवाहाटी गाठायची म्हणजे काय, ते ईशान्येचा नकाशा पाहिला की कळतं. ब्रुसेल्सचा युनियन सेंट-जिलोआज हा १८९७ चा क्लब ४८ वर्षांनी २०२१ मध्ये पहिल्या श्रेणीत परतला आणि लगेच युरोपात पोचला. त्यांचं जुनं, सुंदर, झाडांनी वेढलेलं जोसेफ मारियन स्टेडियम युएफाच्या अटींत बसत नाही. म्हणून ते आधी लुव्हेनला आणि मग अँडरलेक्टच्या, म्हणजे पक्क्या प्रतिस्पर्ध्याच्या, मैदानावर युरोपीय सामने खेळले. पण युनियनच्या पाठीराख्याला अँडरलेक्टला जायला ट्राम पुरते. आपल्या पाठीराख्याला घाट चढावा लागतो, हा फरक लहान नाही. आणि मघाच्या त्या इराकी एअर फोर्स क्लबची अवस्था बघा. २०१६ मध्ये एएफसी कपच्या अंतिम सामन्यात त्यांनी आपल्या बंगळुरू एफसीला १-० ने हरवलं, यजमान म्हणून, आणि तो सामना झाला दोह्यात. कारण सुरक्षेमुळे त्यांना आशियाई स्पर्धेचे सामने आपल्या देशात खेळताच येत नव्हते. त्यांच्याकडे युद्धाचं कारण होतं. आपल्याकडे काय कारण आहे?

आता एक कडू भाग. तो वगळून मला पुढे जाता येणार नाही, कारण तो या पट्ट्याशी निगडित आहे.

मुंबईचा फुटबॉल कंपन्यांनी आणि खात्यांनी जगवला. १८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स कप ही स्पर्धा कूपरेजवर व्हायची आणि तिथे टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया, रेल्वे, बँका यांचे संघ उतरायचे. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतच्या या लालबहादूर शास्त्री मार्गावर कारखाने होते तेव्हा भोंगा झाल्यावर चेंडू घेऊन मैदानात उतरणारी माणसं होती. चांगला खेळणाऱ्या मुलाला नोकरी लागायची. पाय मोडला तरी नोकरी राहायची, आणि साठाव्या वर्षी निवृत्तिवेतन यायचं. मग महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. आणि २०१३ मध्ये मुंबईचे दोन खात्याचे संघ, एअर इंडिया आणि ओएनजीसी, परवान्याचे निकष पूर्ण करत नाहीत म्हणून आय-लीगमधून बाहेर काढले गेले.

परवान्याच्या दृष्टीने निर्णय बरोबर होता. क्लब ही स्वतंत्र संस्था हवी, तिचे हिशेब वेगळे हवेत, युवा संघ हवेत, मैदानाची व्यवस्था हवी. विमान कंपनीचा क्रीडा विभाग या व्याख्येत बसत नाही. पण त्या व्याख्येने खेळाडूला जे दिलं ते वर्ष-दोन वर्षांच्या कराराचं आयुष्य होतं, आणि जे काढून घेतलं ती तीस-पस्तीस वर्षांची नोकरी होती. युरोपात क्लब आधी होते, परवाना नंतर आला. चांगल्या-वाईट सवयी असलेल्या जिवंत संस्थांना त्याने शिस्त लावली. आपल्याकडे नियम आला तेव्हा त्यात बसतील असे क्लबच मोजके होते. नियम आणताना खात्याच्या संघांना क्लबात रूपांतरित व्हायला आठ-दहा वर्षांचा रस्ता आखून द्यायला हवा होता असं माझं ठाम मत आहे. महासंघाने तो दिला नाही, आणि कंपन्यांनीही मागितला नाही.

गोव्यातही तेच. चर्चिल ब्रदर्स २००८-०९ आणि २०१२-१३ चे राष्ट्रीय विजेते, २०१४ च्या जानेवारीत फेडरेशन कप जिंकलेले. त्याच वर्षी परवान्याअभावी लीगबाहेर. उलट पुणे एफसी हा २००७ चा क्लब. कागदपत्रं नीट, अकादमी नीट, २०१२-१३ मध्ये उपविजेता, २०१४ मध्ये एएफसी कपमध्ये बालेवाडीवर खेळला. २०१५ मध्ये मालकांनी तो बंद केला. परवान्यात सगळं तपासतात, पण क्लब दहा वर्षांनी असेल का हे तपासायचं कलम त्यात नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. निकष क्लबला लावले जातात, पण अंधेरीचं मैदान क्लबचं नाही. ते महापालिकेचं आहे, म्हणजे तुमच्या-माझ्या मालमत्ता कराचं. जागा दुसऱ्याची, बांधकाम दुसऱ्याचं, परवानगी तिसऱ्याची, आणि परीक्षेला बसलेला मात्र क्लब. भाडेकरूने भिंत पाडून दार रुंद करायचं म्हटलं तर कोणत्या अधिकाराने करणार? युरोपात नगरपालिकेच्या मालकीची कितीतरी मैदानं आहेत, पण तिथे क्लब आणि पालिका वीस-तीस वर्षांचा करार करतात. दुरुस्ती कुणी करायची, खर्च कुणी उचलायचा, उरलेल्या दिवसांत मैदान शाळांना आणि स्थानिक संघांना कसं द्यायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. मला मुंबईत हे हवंय. नवीन पन्नास हजारांचं स्टेडियम मी मागत नाही. अंधेरीत दहा हजार धड खुर्च्या, पुरेसे दिवे, रुंद दारं, नियंत्रण खोली, प्रसाधनगृहं (स्त्रियांसाठी पुरेशी, हे वेगळं सांगावं लागतं म्हणून सांगते) आणि एक लांब मुदतीचा, जाहीर झालेला करार. एवढं झालं तर पुढच्या वेळी आशियातला संघ आझादनगरला उतरेल.

मला कुणी सुचवलं होतं की कांजूरला एवढी जागा आहे, इथेच स्टेडियम का मागत नाही? कांजूरच्या जागेचं काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. २०२० मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी इथली १०२ एकर जागा ठरली तेव्हा राज्य म्हणालं आमची, केंद्राचं मिठागर खातं म्हणालं आमची, खाजगी दावेदारही पुढे आले, आणि डिसेंबरात उच्च न्यायालयाने काम थांबवलं. एका बाजूला कचराभूमी, एका बाजूला खाडी आणि मिठागरं. मिठागरं पावसाचं पाणी पोटात घेतात म्हणून पूर्व उपनगरं थोडी तरी कोरडी राहतात. त्यांच्यावर काँक्रीटचं स्टेडियम मला नको. क्रॉम्प्टनच्या कारखान्याच्या जागी मनोरे उभे राहिले, तसं आणखी काही उभं राहण्याआधी मला इथे हवीत ती लहान मैदानं. मोकळी, मातीची, कुंपण असलेली, संध्याकाळी दिवा लागणारी.

आणि ही मागणी परवान्याच्या बाहेरची नाही. त्याच नियमावलीच्या पहिल्याच भागात, खेळविषयक निकषांत, युवा विकासाचा कार्यक्रम आणि वयोगटांचे संघ बंधनकारक आहेत. क्लबने दहा-बारा वर्षांच्या पोरांना घ्यायचं, शिकवायचं, त्यांच्या शाळेची काळजी घ्यायची. ती पोरं येणार कुठून? जिथे चेंडू लाथाडायला जागा आहे तिथून. युरोपीय नियमावलीत आता मुलींच्या आणि महिलांच्या फुटबॉलसाठी काम करणंही क्लबांवर आहे. आपल्या मुलींचं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गोकुलम केरळचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचला होता. मैदानावर सिद्ध झालेला, देशाचा विजेता संघ. त्याच दिवसांत फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केलं, कारण कारभारात बाहेरचा हस्तक्षेप, आणि त्या मुली एकही सामना न खेळता परत आल्या. निलंबन अकरा-बारा दिवसांत उठलं, तोवर त्यांची स्पर्धा हातची गेली होती. चूक त्यांची नव्हती, त्यांच्या क्लबची नव्हती. ज्यांच्या हातात कारभार आहे त्यांनी आपलं काम वेळेवर केलं नाही की मैदानावरच्या माणसाला ते कसं फेडावं लागतं, हे आयझॉलने पाहिलं, त्या मुलींनी पाहिलं, आणि हरतालिकेच्या रात्री माझ्या शेजारी बसलेल्या त्या भांडुपच्या मुलानेही पाहिलं.

मी निघण्याआधी दोन कामं तुमच्यापुढे ठेवते. पहिलं, आपला कांजूरमार्ग महापालिकेच्या एस विभागात येतो. विकास आराखडा २०३४ मध्ये या विभागात खेळाच्या मैदानांसाठी कोणकोणते भूखंड राखीव आहेत, त्यांतले प्रत्यक्ष किती ताब्यात आले, कितींवर दुसरंच काही उभं आहे, याची यादी माहितीच्या अधिकारात मागता येते. दहा रुपयांचा अर्ज. संयोजक मंडळींनी तो या महिन्यात करावा आणि उत्तर याच सभागृहाच्या फलकावर लावावं. दुसरं, अंधेरीच्या क्रीडासंकुलाबद्दल महापालिकेला पत्र लिहायचं. आशियाई महासंघाच्या स्टेडियम निकषांपैकी कोणते तिथे पूर्ण होतात, कोणते होत नाहीत, आणि जे होत नाहीत त्यांसाठी अंदाजपत्रकात काय तरतूद आहे, एवढे तीन प्रश्न. पत्राचा मसुदा मी करून आणलाय, दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय. वाचून पटला तर सही करा, पटला नाही तर दुरुस्ती सुचवा. मी प्रश्नोत्तरं संपेपर्यंत इथेच आहे.